वारलेल्यांचा नंबर

मी डेटाबेस शिकले तेव्हा माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मुलगी शाळेत जायला लागली होती. हे आधीच सांगते, कारण पुढे भेटलेल्या बऱ्याच लोकांची समजूत अशी की मी कुठल्या तरी मोठ्या कॉलेजातून निघून थेट कम्प्युटरपुढे बसले. तसं काही नव्हतं. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी बी.एस्सी. होऊन मध्य प्रदेशात सौंसरला घरी बसले होते. यजमान शाळेत शिक्षक. त्यांच्या शाळेत माझ्यासाठी जागा निघेल म्हणून तीन वर्षं वाट पाहिली, ती निघाली नाही. मग सकाळच्या बसनं नागपूरला जाऊन सहा महिन्यांचा कोर्स केला.

वर्ग एका जिन्याच्या डोक्यावर होता. चपला बाहेर काढून आत जायचं. चार मशिनी आणि आम्ही वीसबावीस जण. लाइन गेली की मास्तर आधी मशिनींवर कापड टाकायचे आणि मग आमच्याकडे पाहायचे. शिकवायचे डीबेस. काळ्या पडद्यावर एक ठिपका यायचा आणि त्या ठिपक्यापुढे आपण हुकूम द्यायचा. यादी दाखव म्हटलं की यादी, गावाप्रमाणे लाव म्हटलं की गावाप्रमाणे. घरात माझा हुकूम मांजरसुद्धा ऐकत नव्हतं, त्यामुळे मला ते फार आवडलं.

त्यातली एक गोष्ट इथे समजावून सांगायला हवी. डिलीट म्हटलं की नाव लगेच जात नसे. त्याच्यापुढे फक्त एक चांदणी लागायची, आणि मन बदललं तर ती काढताही यायची. पण त्यानंतर पॅक म्हटलं की चांदणी लागलेली सगळी नावं कायमची जात आणि उरलेली वर सरकून त्यांची जागा भरून काढत. पॅक न करणाऱ्यांना मास्तर आळशी म्हणायचे. मी आळशी नव्हते.

कोर्स संपला आणि पांढुर्ण्याच्या एका संत्रा बागाईतदार संस्थेनं कम्प्युटर घेतल्याचं कळलं. घेतला होता, पण चालवणारं कोणी नव्हतं. मी अर्ज घेऊन गेले. अध्यक्ष स्वतः मोठे बागाईतदार, बोलायला गोड. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांनी काम समजावून सांगितलं. संत्री रेल्वेनं उत्तरेकडे जायची. संस्था वॅगन बुक करायची आणि त्यात कोणाच्या पेट्या कधी चढतील त्याचा नंबर लावायची. ज्याचा माल गेला तो यादीच्या तळाशी जायचा, पुढचे वर यायचे. लहान बागाईतदारांची तक्रार होती की नंबर वशिल्यानं लागतो. कम्प्युटर आला की ही तक्रार बंद होईल, असं भाऊसाहेबांच्या मनात होतं. दिवाळीनंतर निघणारा आंबिया बहार एकदा सुरळीत जाऊ द्या, तुम्हाला कायम करू, असं ते म्हणाले. चार माणसांसमोर म्हणाले.

मला ती नोकरी हवी होती. हौस म्हणून नव्हे. यजमानांची बदली कधीही होऊ शकत होती, मुलगी एकच होती आणि मला रोज कोणापुढे हात पसरायचा नव्हता. सौंसर ते पांढुर्णा बस, परत येताना बस, मुलगी शेजारच्या वहिनींकडे. ते सगळं मी जमवलं.

संस्थेच्या ऑफिसात मुनीमजी होते. वय साठीला टेकलेलं, पांढरा पायजमा, तोंडात पान. तीस वर्षं नंबर तेच लावत आले होते. लाल कापडाच्या बांधणीची जाडी वही त्यांच्या पुढ्यात असायची. कम्प्युटर आला त्या दिवशी त्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला तोही त्यांनीच. कम्प्युटरची खोली थंड हवी म्हणून त्यांच्या डोक्यावरचा पंखा काढून माझ्या खोलीत लावला. मी तो मागितला नव्हता, पण परतही दिला नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "मशीन आली तं माह्या वह्यांचं काय?"

मी म्हटलं, "रद्दीत."

हसून म्हटलं होतं. तेही हसले.

पावसाळाभर मी वहीतली नावं मशीनमध्ये भरली. नाव, बापाचं नाव, गाव. सगळं इंग्रजीत, कारण त्या मशीनला दुसरी लिपी येत नव्हती. मुनीमजींना इंग्रजी येत नव्हतं. म्हणजे त्यांचीच यादी त्यांना वाचता येईनाशी झाली. हे मला तेव्हा कळलं होतं आणि त्यात मला जरा बरंही वाटलं होतं. आता लिहायलाच बसले आहे तर तेही लिहिते.

भरताना लक्षात आलं की काही नावं फार जुनी दिसतात. पोळ्याच्या सुमारास मी यादी छापली आणि मुनीमजींसमोर खुर्ची घेऊन बसले. एकेक नाव वाचायचं आणि विचारायचं, आहेत का?

ते पान चघळत उत्तर द्यायचे. आहेत. आहेत. वारले. काही वेळा न विचारता पुढचंही सांगायचे. हा विहिरीत पडला. हा मुलीच्या लग्नाच्या मांडवातच गेला. हा सरपंच होता, ह्याच्या तेरवीला अख्खं मोहगाव जेवलं. मला वाटलं, म्हातारा शेवटी वळणावर आला. वारले म्हटलं की मी कागदावर खूण करायची. तीन दिवस हे काम चाललं. यादीचा चौथा हिस्सा वारलेला निघाला. घरी गेल्यावर मी यजमानांना हसून सांगितलं की संस्था इतकी वर्षं मेलेल्यांना वॅगन देत होती.

मी चांदण्या लावल्या. दोनदा तपासल्या. मग पॅक केलं. यादी कशी चोख झाली. शिकवल्याप्रमाणे त्याच दिवशी फ्लॉपीवर नक्कल घेतली. दोन फ्लॉप्या होत्या, दोन्हींवर घेतली, म्हणजे जुनी यादी होती तिच्यावरच नवी उतरली. शिस्तीनं केलेली चूक अशी पूर्ण होते. आळशी माणसाकडे निदान एक जुनी फ्लॉपी सापडली असती.

दिवाळीनंतर पहिली वॅगन लागली. सकाळपासून मालधक्क्याजवळच्या आवारात बैलबंड्या येऊन उभ्या होत्या. पेट्यांना तणसाचा वास, बैल सोडलेले, माणसं पेट्यांवरच बसलेली. मी छापलेली यादी घेऊन गेले. मुनीमजींना म्हटलं, वाचा. ते म्हणाले, मशीनचं मशीनवाल्या मॅडमनंच वाचलं पाहिजे. मी वाचली. आवाज माझा बरा आहे, शेवटच्या बंडीपर्यंत गेला. ज्यांची नावं वाचली ते उठले, बैल जुंपले, पेट्या धक्क्याला लागल्या. यादी संपली तरी आवारात बारातेरा बंड्या तशाच उभ्या.

एक माणूस पुढे आला. मोहगावचा, चाळिशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तो तीन भावांतला मधला आहे, हे मला नंतर कळलं. शांतपणे म्हणाला, "बाई, माह्या बापाचं नाव राह्यलं."

त्यानं बापाचं नाव सांगितलं. मला ते आठवत होतं. तेरवीला अख्खं मोहगाव जेवलं तोच.

मी म्हटलं, "पण ते वारले ना?"

"बारा वर्षं झाले," तो म्हणाला. "मंग काय झाडाले संत्री लागाची बंद झाली?"

आजूबाजूचे हसले. मग एकदम कोणी हसेना, कारण बाकीच्या बंडीवाल्यांनाही आपापले बाप आठवले.

जे संस्थेच्या पायरीवर बसणाऱ्या कुत्र्यालाही माहीत असेल, ते मला त्या आवारात दहा मिनिटांत समजलं. बाप गेला तरी नाव जात नसे. घरात वाटणी झालेली असायची, पण तहसिलीत जमिनीवर नाव बापाचंच. आणि तहसील सोडली तरी पेटीवर मार्का बापाचा. बापानं वीस वर्षं चांगला माल पाठवून तो मार्का उभा केलेला असे. तिकडचा व्यापारी पेटी न उघडता मार्का पाहून बोली लावायचा. तो मार्का कोण सोडेल? तीन भाऊ असले तर एकाच नावावर तिघांचा माल जाई. एका वेळी थोरल्या घरचा, पुढच्या वेळी मधल्या घरचा, मग धाकट्याचा. कोणत्या घरची वेळ आहे हे वहीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते मुनीमजींच्या डोक्यात होतं. यादीतले सगळ्यांत भरवशाचे बागाईतदार हे वारलेले होते, आणि मी नेमके तेच काढले होते.

मी शिक्षकाची मुलगी, शिक्षकाची बायको. आमच्याकडे माणूस गेला की पेन्शनच्या कागदावरून त्याचं नाव कापायचं, एवढंच मला माहीत.

मुनीमजींनी लाल वही मागवली. वह्या रद्दीत गेल्या नव्हत्या. त्यांनी पान थुंकलं, चष्मा लावला आणि बंडीवाल्यांची नावं वहीतून वाचायला सुरुवात केली. पण आता ज्यांचे नंबर आधी लागले होते ते पेट्या उतरवायला तयार नव्हते. मोठमोठ्यानं बोलाचाली झाली. एकानं मला उद्देशून म्हटलं की आमच्या बुढ्यांना यमानंही एवढ्या घाईनं नेलं नव्हतं. रेल्वेनं माल चढवायला दिलेला वेळ भांडणातच गेला. वॅगन निघाली तेव्हा तिच्यात जागा रिकामी होती आणि आवारात सहा बंड्या भरलेल्या उभ्या होत्या. मोहगावची त्यांतली एक. पिकलेलं फळ पुढच्या वॅगनपर्यंत थांबत नाही. त्यातलं काही पांढुर्ण्याच्याच बाजारात ढिगानं विकलं गेलं, मार्का नसलेल्या मालासारखं.

ऑफिसात आल्यावर मी मुनीमजींच्या टेबलापुढे उभी राहिले. ते वही बांधत होते.

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

ते माझ्याकडे पाहून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तू इचारलं, वारला का. मी सांगतलं, वारला. त्याच्या घरचा माल येते का, हे तू कुठी इचारलं?"

पुढच्या आयुष्यात मी शेकडो वेळा लोकांसमोर वही घेऊन बसले, पण या कामाचा धडा मला एवढ्या थोडक्यात कोणी दिला नाही. त्यांनी तो मला शिकवायला दिला नव्हता, बुडवायला दिला होता. पण धडा खरा होता.

भाऊसाहेबांनी बैठक घेतली. मुनीमजींनी तिथेही एक शब्द खोटा सांगितला नाही. बाईनं जे विचारलं ते मी सांगितलं, म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. पंख्याचं किंवा रद्दीचं मी काही बोलले नाही, कारण ते बोलले असते तर मलाच लागलं असतं. मी एवढंच म्हटलं की आठ दिवस द्या. भाऊसाहेबांनी दिले, पुढची वॅगन दहा दिवसांनी होती म्हणून.

आठ दिवस मी मशीनपुढे कमी बसले आणि आवारात जास्त उभी राहिले. माल नोंदवायला जो येईल त्याला विचारायचं: नाव कोणाचं, मार्का कोणता, किती घरं, मागच्या वेळी कोणत्या घरचा माल गेला, आता कोणत्या घरचा. लोक आधी टोमणे मारायचे. माह्या आजालेही लिहून घ्या बाई, तो तं मरून पन्नास वर्षं झाले. मी म्हणायची, त्याच्या नावानं माल येतो का? मग ते गंभीर होऊन विचार करायचे. मोहगावचा तो मधला आला तेव्हा मला माफी मागायची होती. त्यानं मागू दिली नाही. आता धाकट्याची पाळी आहे, मधली आमची गेली ती गेली, एवढंच लिहून घ्या, म्हणाला आणि निघून गेला.

खुणा केलेल्या कागदावरून वारलेली नावं परत भरली आणि यादीत मी तीन रकाने वाढवले: मार्का, घर आणि शेवटचा माल. डिलीटची सोयच काढून टाकली. एका नावात तीन घरं फिरवत ठेवायची, तेही आपोआप, हे तेव्हाच्या माझ्या शिक्षणाच्या बाहेरचं होतं. दोन दिवस जमेना. तिसऱ्या दिवशी दुपारी जमलं. लाइन जायच्या आधी फ्लॉपीवर नक्कल घेतली, या वेळी वेगळ्या फ्लॉपीवर. त्या खोलीत मी एकटीच होते, म्हणून कोणाला दाखवायचा प्रश्न नव्हता.

पुढच्या वॅगनला एकही नंबर चुकला नाही. त्यापुढच्याही नाही. मुनीमजी वही उघडून शेजारी उभे राहायचे आणि माझ्या यादीशी ताडून पाहायचे. एकदा त्यांच्या डोक्यातली वेळ चुकली आणि माझी बरोबर निघाली. ज्याचा माल होता त्यानंच ते सांगितलं. मुनीमजींनी वहीत काहीतरी खोडलं. मी पाहिलं नाही असं दाखवलं. तेवढं सुख मी घेतलं.

संक्रांत होऊन गेली, बहार आटोपला आणि भाऊसाहेबांनी मला बोलावलं. तिळगूळ दिला. मग म्हणाले की मुनीमजींना दोन वर्षं वाढवून दिली आहेत, अशा जाणत्या माणसाशिवाय संस्था चालत नाही, हे या वर्षी सगळ्यांनी पाहिलंच. मी विचारलं, आणि माझं?

"तुमचं तं आता बढिया चालून राह्यलं ना, बाई," ते म्हणाले. "यादी बनली, मशीन आपोआप नंबर लावून राह्यली. मंग रोज येऊन तुम्ही कराल काय? बिघडलं की बोलावू."

मी म्हटलं, तुम्ही चार माणसांसमोर कबूल केलं होतं. ते म्हणाले, बहार सुरळीत जाऊ दे असं म्हटलं होतं. सहा बंड्या राहिल्या होत्या ना?

म्हणजे चुकलं तेव्हा मी चुकले म्हणून, आणि बरोबर केलं तेव्हा बरोबर केलं म्हणून नोकरी नाही. त्या खुर्चीवर बसून मला रडू वगैरे आलं नाही. मी अनुभवाचं पत्र मागितलं. त्यांनी लगेच दिलं, टाइप करून, शिक्का मारून. त्यात लिहिलं होतं की सदर महिलेने संस्थेत कम्प्युटरवर टायपिंगचे काम समाधानकारक केले. मी ते दुरुस्त करून मागितलं. भाऊसाहेबांना त्यात काय चुकलं ते कळेना. तेच पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि दुपारच्या बसनं सौंसरला आले.

त्यांनी बिघडलं म्हणून बोलावलं नाही. वर्षभर मला वाटायचं, म्हणजे चांगलं चाललं असेल. तोपर्यंत मी एका शाळेची आणि एका दुकानाची छोटी कामं केली होती. दोन्हीकडे मला आधी विचारलं की काम मिस्टर करतात का. पुढच्या दिवाळीनंतर कामासाठी पांढुर्ण्याला गेले होते, तर पाय संस्थेकडे वळले.

माझ्या खोलीतला पंखा नव्हता. तो मुनीमजींच्या डोक्यावर फिरत होता. मशीनवर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरावर धूळ, आणि दसऱ्याला वाहिलेलं झेंडूचं फूल वाळून तिथेच. छापायची फीत संपली ती कोणी आणली नव्हती. मुनीमजींच्या पुढ्यात नवी वही होती, तीच लाल बांधणी. ते बाहेर धक्क्याकडे जायच्या तयारीत होते. मी वही पाहू का विचारलं. त्यांनी ती माझ्याकडे फिरवली.

पानावर पट्टीनं आखलेले रकाने होते. नाव, बापाचं नाव, गाव, मार्का, घर, शेवटचा माल. त्याच क्रमानं, जसे पडद्यावर मी लावले होते. शेवटच्या छापील यादीवरून कोणाकडून तरी वाचून घेऊन त्यांनी सगळं देवनागरीत उतरवलं होतं. तीस वर्षं जे त्यांच्या डोक्यात होतं ते आता कागदावर होतं. एकही नाव कापलेलं नव्हतं. माझा प्रोग्राम व्यवस्थित चालू होता, फक्त मशीनशिवाय आणि माझ्याशिवाय.

"रकाने बराबर पाडले होते तू," मुनीमजी म्हणाले. "आता मी नसलो तरी काम थांबत नाही."

ते मनापासून म्हणाले. त्यांची दोन वर्षं संपली की आपली गरज संस्थेला उरणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं.

आतून भाऊसाहेबांचा आवाज आला. मी आले आहे हे त्यांना कळलं होतं. मशीनला कोणी गिऱ्हाईक आहे का माझ्या पाहण्यात, असं ते विचारत होते. मी म्हटलं, पाहते. माझ्या दोन फ्लॉप्या कपाटातून काढून घेतल्या, आणि मुनीमजी वही काखेत घेऊन धक्क्याकडे निघाले तेव्हा मी बसस्टँडकडे निघाले.

त्या फ्लॉप्यांवरचा प्रोग्राम थोडा बदलून मी पुढे एका कोल्ड स्टोरेजला दिला, मग दुसऱ्याला. त्यावर वीस वर्षं पोट भरलं आणि मुलीचं शिक्षण केलं. तिथेही शेवटी आपोआप चालायला लागलं की मला चहा पाजून निरोप द्यायचे. मी चहा घ्यायची आणि निघायच्या आधी नवीन पत्र मागायची. त्यात काय लिहायचं ते मी घरूनच टाइप करून न्यायची.